कुळिगैतला करार

"सही किती वाजता?" कनकानं विचारलं. तिच्या एका हातात उलथनं होतं आणि दुसऱ्या हातानं ती भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडत होती.

"साडेदहाला," सेतुमाधवराव बुटात पाय घालता घालता म्हणाले.

कनकानं आजच्या पानाच्या तळाशी छापलेल्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तव्यावरचा डोसा करपेपर्यंत तिथंच उभी राहिली.

"बुधवार, साडेदहा. कुळिगै लागते की हो."

चेन्नईत राहणाऱ्या माणसाला राहुकाळ सांगावा लागत नाही. पण राहुकाळासारखा कुळिगै नावाचाही दीड तास रोज येतो आणि वारागणिक त्याची वेळ बदलते. तो राहूसारखा दुष्ट नाही. त्याची खोड एवढीच, की त्या वेळात केलेलं काम पुन्हा होतं. कुळिगैत सोनं घेतलं तर पुन्हा घेण्याचा योग येतो, म्हणून जाणती माणसं सराफाकडे त्याच वेळी जातात; आणि घरात कुणी वारलं असेल, तर तो दीड तास सरल्याशिवाय प्रेत उंबऱ्याबाहेर हलवत नाहीत.

"वेळ बालाजीरावांनीच काढली," सेतुमाधवराव म्हणाले. "कुळिगैत एक करार झाला, की त्यामागून दहा येतील म्हणतात."

"दहा येवोत. पण हाच परत आला तर काय कराचं?"

सेतुमाधवराव बुटाच्या नाडीवर वाकले. ते विज्ञान शिकवत. शिवाय बायकोला उत्तर देण्यासाठी जी एक हिंमत लागते ती त्यांनी बत्तीस वर्षं पुस्तकांमागे लपून टाळली होती.

तांबरमच्या ज्या कॉलेजात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवत, तिथंही त्यांचं असंच होतं. तास घेताना ते मुलांशी नव्हे, फळ्याशी बोलत. विषयावरची लायब्ररीतली सगळी पुस्तकं त्यांनी वाचली होती, आणि तरीही आपल्याला त्यातलं खरंच किती कळलं, हा प्रश्न त्यांना रोज संध्याकाळी पडे. असा माणूस उद्योगसंपर्क विभागाचा प्रमुख कसा झाला, याचं कारण साधं होतं. प्राचार्या जयंती मॅडमनी सभेत विचारलं, "हे काम कोण घेईल?" तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. सेतुमाधवरावांनीही घातली. पण मान घालताना त्यांची खुर्ची करकरली.

काम मोठं होतं. कॉलेज, श्रीपेरुंबुदूरची एक कंपनी आणि सरकारचं कौशल्य मंडळ अशा तिघांचा करार व्हायचा होता. कंपनी सर्किट बोर्ड बनवत असे. तिनं शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक सत्र कारखान्यात शिकवायचं, कॉलेजनं ते अभ्यासक्रमात धरायचं आणि मंडळानं त्यावर शिक्का मारायचा. कंपनीचे मालक बालाजीराव तंजावरकडचे मराठी, सेतुमाधवरावांसारखेच. त्यामुळे दोघांचं कुठूनतरी नातं लागत होतंच. ते सेतुमाधवरावांना अण्णा म्हणत.

एरवी सेतुमाधवरावांनी हेही काम मान खाली घालूनच केलं असतं. पण त्यांच्या प्रयोगशाळेतली यंत्रं इतकी जुनी होती, की नोकरीच्या मुलाखतीला गेलेली त्यांची मुलं समोरच्या माणसाला हसवून परत येत. मागच्या वर्षी एकाही मुलाला धड नोकरी लागली नाही. तेव्हा जानेवारीतल्या एका सकाळी सेतुमाधवराव फळ्याकडून वर्गाकडे वळले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मोठ्या आवाजात शब्द दिला. ते म्हणाले, या सत्रात तुम्ही कंपनीच्या बसमध्ये बसाल, हा माझा शब्द. पहिल्या बाकावरच्या दिव्यश्रीनं ते वाक्य, सर सांगतात ते सगळंच लिहून घ्यायचं असतं अशा समजुतीनं, वहीत लिहूनही घेतलं. त्या रात्रीपासून सेतुमाधवरावांची झोप उडाली.

पहिली सही मात्र झोकात झाली. चेन्नईत कुठल्याही समारंभाला व्यासपीठावर जो जो चढतो त्याला पोन्नाडै म्हणजे मानाची शाल पांघरतात, आणि ज्यानं पांघरली त्यालाही मग कुणीतरी पांघरतं. त्यामुळे शाली पांघरण्यातच तासभर गेला. मंडळाचे सहसंचालक गिरीधर उकाड्यानं लाल झाले होते. शेवटी प्राचार्या, बालाजीराव आणि गिरीधर, अशा तिघांनी सह्या केल्या, कागदाची मखमली पाकिटं एकमेकांना दिली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला. त्याच्या एका कडेला सेतुमाधवरावांचा अर्धा कान दिसत होता. त्यांनी तो कनकाला दाखवला नाही. तिनं तो शोधून काढला.

दोन आठवड्यांनी गिरीधरांचा फोन आला.

"सार, एक छोटी अडचण. आमचं मंडळ दुसऱ्या एका मंडळात विलीन झालंय. नाव बदललं. आपला करार जुन्या नावानं आहे."

"पण सार, सही तुमचीच आहे. तुम्ही तेच आहात ना?"

"मी तोच आहे, सार. खुर्चीही तीच. पण ज्यानं सही केली, तो मी सरकारच्या दृष्टीनं आता राहिलो नाही." गिरीधरांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की वेदान्तावरचं प्रवचन ऐकावं तसे सेतुमाधवराव हात जोडून उभे राहिले. फोन बंद झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की सगळं पुन्हा करायचं आहे. शाली, मखमली पाकिटं, कॅमेरावाला, तीनशे माणसांचा पोंगल-वडा, सगळंच.

घरी त्यांनी हे शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. कनका भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"सांगट्लं होतं मी," ती म्हणाली. एवढंच. पण सेतुमाधवराव हबकले ते तिच्या बोलण्यानं नव्हे. आपल्या मनात एक क्षणभर तेच आलं होतं, यानं ते हबकले.

पण त्याहून मोठा धक्का वर्गात बसत होता. पहिली सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच मुलं कमी होऊ लागली. तमिळांचा थै महिना, लग्नसराई, असं म्हणून सेतुमाधवरावांनी पहिला आठवडा सोडून दिला. पुढच्या आठवड्यात निम्मा वर्ग रिकामा दिसला. मंडळाची बातमी आली त्यानंतर तर शेवटच्या बाकावरचा श्रीवत्स नावाचा एक मुलगा तेवढा उरला. सेतुमाधवरावांना कारण विचारायची गरज वाटली नाही. ते उघडच होतं. ज्या मास्तरानं शब्द दिला आणि पाळला नाही, त्याचं तोंड कोण पाहणार? त्यांनी कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची त्यांची छाती नव्हती. आणि बाकीचे प्राध्यापक रिकामा तास मिळाल्यावर त्याचं कारण शोधण्याची चूक करणारे नव्हते. गुन्हा आपला, मुलांच्या हजेरीला त्याचा डाग कशाला, म्हणून सेतुमाधवराव रोज सगळ्यांना हजर मांडत आणि श्रीवत्सला ट्रान्झिस्टर शिकवत. श्रीवत्सही बिचारा एकटाच सगळ्या वर्गाइतकं लक्ष देण्याचा प्रयत्न करी.

दुसरी सहीही बुधवारी साडेदहालाच ठरली, कारण सभागृह फक्त तेव्हाच रिकामं होतं. सेतुमाधवरावांनी प्राचार्यांना वेळ बदलण्याबद्दल सुचवून पाहिलं. कारण विचारल्यावर ते ओशाळले आणि फाइल उचलून बाहेर पडले. जयंती मॅडम भौतिकशास्त्रातल्या डॉक्टर होत्या आणि अंधश्रद्धेवर त्यांचं दरवर्षी एक भाषण असे.

या वेळचा कॅमेरावाला नवा होता आणि फार उत्साही होता. सह्या चालू असताना तो खुर्चीवर चढला आणि म्हणाला, "सार, इकडे. मॅडम, इकडे. पेन कागदावर, डोळे माझ्याकडे." तिघांनीही कॅमेऱ्याकडे बघत सह्या केल्या. बालाजीरावांनी आधी, मग मॅडमनी, मग गिरीधरांनी. फोटो इतका सुंदर आला, की प्राचार्यांनी तो मोठा करून आपल्या दालनात लावला.

तो लावून आठवडाही झाला नव्हता तोच गिरीधरांचा पुन्हा फोन आला. या वेळी त्यांचा आवाज वेदान्तासारखा नव्हता.

"सार, करार वाचलात का?"

"वाचलाय सार. तीनदा."

"सह्यांखालची नावं वाचलीत का?"

बालाजीरावांनी सही केली होती ती 'महाविद्यालयातर्फे' या शब्दांच्या वर. मग मॅडमना उरलेली जागा मिळाली ती 'कंपनीतर्फे'. म्हणजे आता लेखी ठरलं होतं ते असं, की तांबरमच्या कॉलेजनं दरमहा चाळीस हजार सर्किट बोर्ड तयार करून द्यायचे, आणि श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यानं मुलांना पदव्या द्यायच्या. या सगळ्याला सरकारची मान्यता होती, शिक्क्यासकट.

हे ऐकून जयंती मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. कर्तव्यदक्ष बाई होत्या त्या. त्यांनी भिंतीवरच्या त्या सुंदर फोटोकडे पाहिलं, मग खिडकीतून प्रयोगशाळेकडे पाहिलं आणि विचारलं, "सेतुमाधवन सार, सुट्टीत जादा तास घेतले तर महिन्याला साधारण किती बोर्ड होतील?"

सेतुमाधवरावांनी बालाजीरावांना फोन केला तेव्हा त्यांना वाटलं होतं, हा माणूस आता करार मोडणार. पण बालाजीराव शांतच होते. "असूं दे हो अण्णा," ते म्हणाले. "माणसं आहों, चुकतों. तिसऱ्यांदा करूं, काय घाई?"

घाई मुलांना होती, असं सेतुमाधवरावांना म्हणायचं होतं. मार्च आला होता. एप्रिलअखेर परीक्षा होती. आता उरलेल्या दिवसांत बस मिळाली तर मिळाली, नाहीतर पहिल्या बाकावर कुणीतरी लिहून घेतलेला तो शब्द कायमचा खोटा ठरणार होता. पण हे फोनवर बोलायचं म्हणजे रडू येईल अशी त्यांना भीती वाटली, म्हणून ते "बरं" म्हणाले.

सभागृहापायी एक दिवस पुढं गेलेल्या तिसऱ्या सहीच्या दिवशी प्राचार्यांनी हुकूम काढला. सेतुमाधवरावांनी व्यासपीठावर उभं राहायचं आणि कुणी कुठं सही करायची त्या जागेवर बोट ठेवायचं. बोट उचलायचं नाही. कॅमेरावाला काही म्हणो.

त्या सकाळी पहिला तास घ्यायला ते वर्गात गेले. श्रीवत्स एकटाच होता. सेतुमाधवराव फळ्याकडे वळले, खडू उचलला आणि का कोण जाणे, परत फिरले. आज काय तो निकाल लागणार होता. त्यांनी घसा साफ केला.

"श्रीवत्स, तू एकटा का येतोस?"

मुलगा उभा राहिला. चेहऱ्यावर अपराधी भाव. "मला बस लागते, सार. पहिल्या दिवशीच पूनमल्लीच्या पुढं ओकारी झाली. सूपरवायझर म्हणाले, तू नको येऊस."

"कुठली बस?"

"कंपनीची, सार."

सेतुमाधवरावांच्या हातातला खडू खाली पडला. त्याचे दोन तुकडे झाले. "बाकीचे सगळे..."

"कंपनीतच असतात, सार. पहिली सही झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. गाड्यांचं बघणाऱ्या माणसानं पेपरात फोटो पाहिला. साहेबांनी सही केली म्हणजे बस पाठवायची, असं म्हणून त्यानं पाठवली. आधी छोटी, मुलं वाढली तशी मोठी. सगळ्यांना निळे कोट दिलेत. दिव्यश्री आता टेस्टिंगला आहे. तिला परीक्षा झाल्यावर तिथंच घेतो म्हणालेत. सार, तुम्हीच केलंत ना हे सगळं? रोज सगळ्यांना हजर पण मांडता."

सेतुमाधवराव मघाशी पडलेल्या खडूकडे बघत राहिले. दोन महिने. दोन महिने त्यांनी मुलांच्या नजरा चुकवल्या होत्या आणि समोरून कुणी येताना दिसलं तर लायब्ररीमागच्या वाटेनं पळ काढला होता. आणि मुलं तिकडे निळे कोट घालून बोर्ड तपासत होती. त्यांना हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही श्रीवत्ससमोर बरं दिसत नाही म्हणून ते फळ्याकडे वळले.

सभागृहात ते तरंगतच पोचले. शाली सुरू झाल्या होत्या. सेतुमाधवरावांनाही एक मिळाली. सह्यांच्या जागा नीट बघून ठेवाव्यात म्हणून त्यांनी कराराची प्रत उघडली आणि त्यांच्या जन्मखोडीप्रमाणे पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. नव्या मंडळानं शेवटी एक पुरवणी जोडली होती. तिसऱ्या कलमाशी त्यांचं तरंगणं संपलं.

ते गिरीधरांच्या खुर्चीमागे वाकले. "सार, इथं असं लिहिलंय, की प्रशिक्षण संयुक्त समिती नेमल्यावरच सुरू करायचं."

"बरोबर. समिती पुढच्या शैक्षणिक वर्षात बसेल."

"आणि समजा, आधीच कुणी मुलं जात असतील तर?"

गिरीधरांनी मान न वळवता, समोर बघतच उत्तर दिलं. "सही झाल्या क्षणापासून त्यांना थांबवावं लागेल, सार. गेलेले दिवसही धरता येणार नाहीत. नियम आहे."

"आणि सही झाली नाही तर?"

"सही नाही तर करार नाही. करार नाही तर नियम कुणाला लावणार? मग तो मालक आहे आणि त्याचे पाहुणे आहेत." एवढं बोलून गिरीधर टाळ्या वाजवू लागले, कारण कुणाचं तरी भाषण संपलं होतं.

सेतुमाधवरावांनी ते कलम पुन्हा एकदा वाचलं. ज्या सहीसाठी त्यांनी दोन महिने देव पाण्यात ठेवले होते, ती झाली की उद्या सकाळी बस येणार नव्हती. दिव्यश्रीचा निळा कोट परत जाणार होता. आणि सही कुठं करायची ते दाखवायला बोट त्यांचंच लागणार होतं.

त्यांना सुचलं ते त्यांनी केलं. टेबलावरचं सोनेरी पेन शालीखाली घेतलं. लगेच बालाजीरावांच्या, गिरीधरांच्या आणि व्यासपीठावर असलेल्या झाडून सगळ्यांच्या खिशांतून पेनं निघाली. ते प्राचार्यांच्या कानाशी लागले आणि म्हणाले, मॅडम, एक कलम बघायला हवं. मॅडम हसऱ्या चेहऱ्यानं, ओठ न हलवता पुटपुटल्या, "नंतर, सार. बोट ठेवा." त्यांनी बोट ठेवलं. ते कागदावर इतकं इकडेतिकडे सरकत होतं, की पाहणाऱ्याला तीन ठिकाणी सही करायची आहे असं वाटावं. बालाजीराव पेन उघडून वाकले आणि, कुणास ठाऊक का, पेन हवेतच धरून राहिले.

पोरांचं नाव घेऊन काही सांगावं तर मंडळासमोर मुलंच अडकली असती. कलमाचं सांगावं तर गिरीधर बसलेत. खोटं बोलायची सवय नाही. सेतुमाधवरावांनी बोट उचललं, चार पावलांवरच्या माइककडे गेले, आणि जन्मभर ज्या यंत्रात ते 'आभार' या शब्दाखेरीज काही बोलले नव्हते, त्यात ते बोलू लागले.

"क्षमा करा. ही कुळिगै आहे."

तीनशे माना वर झाल्या. मागं कुठंतरी वाटी पडल्याचा आवाज आला.

"पहिली सही कुळिगैत झाली," ते प्रमेय सिद्ध करावं तसे सावकाश म्हणाले. "म्हणून ती पुन्हा करावी लागली. दुसरीही कुळिगैत झाली. म्हणून आज तिसरी. आज सही केली तर चौथी येणार. मी विज्ञानाचा माणूस आहे. मला इतकंच दिसतं, की दोनदा प्रयोग केला आणि दोनदा उत्तर तेच आलं."

एवढं बोलल्यावर आपण काय बोललो हे त्यांना कळलं. आता मॅडम आपल्याला सगळ्यांसमोर खाली उतरवणार, याची त्यांना खात्री होती. पण मॅडमनी गिरीधरांकडे पाहिलं. गिरीधरांनी खिशातून एक छोटं पंचांग काढलं. सरकारी अधिकाऱ्याच्या खिशात ते असेल असं सेतुमाधवरावांना कधी वाटलं नव्हतं. गिरीधरांनी बोट ओलं करून पान उलटलं, बराच वेळ वाचलं आणि ते पान मॅडमना दाखवलं. मॅडमनीही चष्मा वर करून वाचलं.

"सार सांगतात ते खरं आहे," गिरीधर गंभीरपणे म्हणाले आणि पंचांग मिटलं.

"माझा स्वतःचा यावर अजिबात विश्वास नाही," मॅडम माइकवर म्हणाल्या. "पण पाहुण्यांच्या भावनांचा मान राखणं ही आपली संस्कृती आहे."

बालाजीरावांनी पेनाला टोपण लावलं. तिघांनी तिथंच डोकी एकत्र करून पुढची तारीख ठरवली. कधी गिरीधरांची बैठक होती, कधी बालाजीराव परदेशात होते, कधी सभागृह नव्हतं. जूनच्या आधीची एकही तारीख जमेना, आणि ती जमत नाही याचं तिघांपैकी कुणालाच फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. मग जमलेच आहोत तर म्हणून मखमली पाकिटांची देवाणघेवाण करून फोटो काढला आणि सगळे पोंगल-वड्याकडे वळले.

सेतुमाधवराव घरी आले ते शाल अंगावरच घेऊन. कनकानं दार उघडलं, शाल पाहिली आणि विचारलं, "झाली ना सही? आतां तरी संपलं?"

"नाही झाली. मीच थांबवली." त्यांनी खुर्चीत अंग टाकलं. "माइकवर सांगितलं, कुळिगै आहे म्हणून."

"तुम्ही? माइकवर?" कनका मटकन समोर बसली. नवरा हिमालयात निघून गेला असता तरी तिला एवढा धक्का बसला नसता. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. ती उठली, कॅलेंडरजवळ गेली आणि परत आली.

"कसली कुळिगै हो? बुधवार काल झाला. काल हॉल मिळाला नाही म्हणून एक दिवस पुढं गेलं, असं तुम्हीच नाही का सांगट्लं? आज गुरुवार. गुरुवारची कुळिगै सकाळी साडेदहाच्या आंतच संपते. तुमच्या शाली होईपर्यंत अकरा वाजले असतील. आज त्या वेळेसारखी उत्तम घटका नाही. गल्लीतल्या एकूणएक पोरांना विचारा, अस्के सांगतील."

सेतुमाधवराव कॅलेंडरपाशी गेले. कनका बरोबर होती. म्हणजे तीनशे माणसं. तीनशे चेन्नईची माणसं, ज्यांना वारांची नावं कळायच्या आधी कुळिगै पाठ होते. पंचांग उघडून वाचणारे गिरीधर. चष्मा वर करून बघणाऱ्या मॅडम. त्यांच्यापैकी एकजणही काही बोलला नव्हता. सेतुमाधवरावांना आधी वाटलं, आपली कीव करून सगळे गप्प बसले. मग त्यांना ते सहन होईना. त्यांनी बालाजीरावांना फोन लावला आणि काय घडलं ते सगळं, अडखळत, एका दमात सांगून टाकलं. मुलांचं, बसचं, तिसऱ्या कलमाचं आणि वार चुकल्याचं.

पलीकडे बालाजीरावांनी कुणालातरी दार लावून घ्यायला सांगितलं.

"अण्णा," मग ते म्हणाले, "आज गुरुवार आहे हे मला ठाऊक नाही, असं वाटलं काय तुम्हाला? आमच्या आईनं सकाळी चांगली वेळ बघूनच मला घराबाहेर सोडलं. आणि ते कलम आजचं नाही. दुसऱ्या वेळीही सही झाल्यावर मागून पुरवणी जोडून ते येणार असं माझ्या वकिलानं आधीच सांगट्लं होतं. मग काय करतां? जयंती मॅडमच्या जागी सही ठोकली. कॅमेऱ्याकडे बघून हसलो तो काय फोटोसाठी?"

"पण त्या दोघांना..."

"मॅडमना बस दिसत नाही होय? रोज त्यांच्याच खिडकीखालून सुटते. गिरीधर सारही अंबत्तूरहून ऑफिसला येतां-जातां बघतात, निळे कोट घातलेली आपली पोरं. कोण कुणाला विचारणार? विचारलं तर लिहावं लागेल, लिहिलं तर थांबवावं लागेल. तिघंही वाट बघत होतों, या वेळी कोण काय करतो त्याची. पेन हवेत धरून धरून माझा हात भरून आला हो."

सेतुमाधवराव फोन कानाशी धरूनच खुर्चीत बसले. तिन्ही पक्षांच्या ज्या सहकार्यासाठी ते दोन महिने धावत होते, ते त्यांच्याखेरीज सगळ्यांनी केव्हाच सुरू केलेलं होतं. शेवटी मनात नवीच धास्ती उभी राहिली ती त्यांनी बोलून दाखवली. जूनमध्ये नवा वर्ग येईल, आणि सहीची तारीखही येईल. तेव्हा काय करायचं?

"तुम्ही काही करूं नका," बालाजीराव म्हणाले. "जूनची पाळी गिरीधर सारांनी मागून घेतलीय."